बिननेढ्याच्या सुया

माझ्या थोरल्या मेव्हण्यांच्या सुईतून सुटलेला खांदा अख्ख्या सोलापुरात सापडला नसता. माझाही सुटला नाही. सासुरवाडीच्या पहिल्याच मुक्कामात सदऱ्याचं बटण तुटलं. फडताळात एक लांब, देखणी सुई दिसली. दोऱ्याला थुंकी लावून खिडकीपाशी गेलो, चष्मा पुसला, पण नेढं काही सापडेना. तेवढ्यात मागून माझा खांदा चिमटीत धरून डॉक्टरमेव्हणे म्हणाले, "दाजी, ती शिवायची न्हाय, टोचायची हाय. आन् हितं केवढी गाठ आलीया!"

माणसाची निम्मी दुखणी स्नायूंतल्या गाठींमुळे होतात आणि कोरडी सुई नेमकी गाठीत गेली की स्नायू उडी मारून मोकळा होतो, अशी त्यांची श्रद्धा. नमस्काराऐवजी ते समोरच्याचा खांदा दाबत. एका लग्नात त्यांनी अक्षता टाकता टाकता नवरदेवाची मान चाचपली आणि "गाठ हाय" म्हणाले. मुलीकडच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सत्तरच्या दशकातली ती वर्षं. सुईत औषध नाही म्हटल्यावर लोकांना फसवल्यासारखंच वाटे.

एकदा मंगळवेढ्याचा एक पैलवान लंगडत आला. मांडी आखडलेली आणि जत्रेतली कुस्ती दोन दिवसांवर. "औंदा पडलास तर तालीम बंद, गुमान शेतावर यायचं," असं बापानं बजावलेलं.

"औषध कुटं हाय ह्यात?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"मग दोन सुया जास्त टोचा की!"

ताकद मोजायला मेव्हण्यांकडे एकच यंत्र होतं, ते म्हणजे मी. मला पाठीवर घेऊन पैलवानानं बैठक मारायची. सुईआधी तो मला घेऊन बसला तो बसलाच. सुईनंतरही तेच. त्याचं तोंड उतरलं. "आज दुखंल. उद्या ये," मेव्हणे शांतपणे म्हणाले. "सुई ताकद देत न्हाय, गड्या. अडल्याली सोडवती." दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन असा उठला, की माझं डोकं तुळईला लागलं.

जत्रेत त्यानं कुस्ती मारली. बाप रडत होता. पैलवान धावत आला आणि सवयीनं उचललं मलाच! हाच डॉक्टर समजून लोकांनी मला फेटा बांधला. गर्दीत मागे उभे असलेले मेव्हणे पोट धरून हसत होते. "दाजी, फेटा ऱ्हाऊ द्या. वजन तुमचंच व्हतं की!"

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. मान आखडते, खांदा धरतो. मागून कुणी चिमटा घेत नाही. परवा पुन्हा सदऱ्याचं बटण तुटलं. सुई हातात घेऊन मी सवयीनं आधी ती उजेडात धरली.

"निर्धास्त ओवा," बायको म्हणाली. "आता घरातल्या सगळ्या सुयांना नेढी आहेत."