तिने कधीच न वाजवलेली पेटी

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता पुसट झाली आहेत, पण त्या मुलीची तक्रार मला अजून शब्दन्‌शब्द आठवते. मी तेव्हा भोपाळमध्ये एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ती इंद्रपुरीत राहणारी, पंचविशीतली, कारखान्यात नकाशे काढणारी. माझ्या छातीवरचं आडनाव वाचून ती मराठीत बोलू लागली.

"काका, एक माणूस मला सारखा भेटतो. कधी भाजीबाजारात, कधी बसथांब्यावर. मी त्याच्याशी कधी बोललेले नाही, पण माझं नाव, शिक्षण, नोकरी, सगळं त्याला ठाऊक आहे; जवळून जाताना ऐकवतो."

हवालदार म्हणाला, "बेटी, रास्ता बदल लो."

"रास्ता मैं क्यों बदलूँ?"

तिचा संशय मोबाइलवर होता. मैत्रिणींच्या आग्रहाने तिने ओळखी वाढवण्याचं एक ॲप घेतलं होतं. ते चालू असलं की जवळपासच्या माणसांना आपली माहिती आपोआप दिसते, हे तिला नंतर कळलं. मी म्हणालो, "काढून टाक ते."

"काढलं तर तो सापडणार कसा?"

तिने तिथेच, आमच्यासमोर, आपल्या माहितीत एक खोटी ओळ घातली: आवड, हार्मोनियम. पेटीला तिने जन्मात हात लावला नव्हता. घरी आईलाही ती यातलं काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी भाजीबाजारात तो जवळ आला. "सुना है, आप हार्मोनियम बजाती हैं?" शेजारी साध्या वेशात भेंडी निवडणाऱ्या आमच्या महिला शिपायाने ते ऐकलं आणि त्याला धरलं.

चौकशीत तो म्हणाला, "साहब, इत्तेफ़ाक़ है. छुआ तक नहीं."

"हार्मोनियम की बात किसने बताई?"

"इनके पड़ोसियों ने."

ती ओळ कधी आणि का लिहिली, ते मी त्याला सांगितलं. त्याच्या मोबाइलमध्ये आणखी काही स्त्रियांचे फोटो निघाले; कोण कुठे, किती वाजता भेटते, याच्या नोंदींसह. त्या स्त्रिया जबाब द्यायला घाबरत होत्या. ही मुलगी शिपाईबाईंबरोबर एकेकीच्या घरी जाऊन बसली. त्यातल्या तिघी पुढे आल्या, म्हणून खटला टिकला आणि त्याला शिक्षा झाली.

स्वतःच्या जबाबावर सही करण्याआधी तिने प्रत्येक ओळ वाचली. हवालदाराने 'युवती घबराकर थाने आई' असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "घबराई थी, पर सोच-समझकर आई हूँ. यह भी लिखिए."

ते तसंच लिहिलं गेलं.

तोवर अशा तक्रारीत माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: "तुम्ही त्याला ओळखता का?" त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी आधी विचारत आलो, "त्याला तुमच्याबद्दल काय काय माहीत आहे?"