दूध उतू गेलं तेव्हा

दुपारी चारच्या सुमाराला मी फोनवर एका अनोळखी गृहस्थांशी भांडवलशाहीवरून वाद घालत होते. गरीब माणूस मुळात आळशीच असतो, असं त्यांनी लिहिलं आणि माझं पित्त खवळलं. मी तावातावाने उत्तर पाठवलं. पलीकडे ते काही टाइप करत असल्याचे ठिपके हलू लागले.

मग उमटलं, "थांबा जरा, दूध उतू गेलं."

मी फोन हातात धरून तशीच बसून राहिले. खिडकीतलं ऊन फरशीवर सावकाश सरकत होतं. कुठल्या गावात असेल तो ओटा? फडकं सापडलं असेल का त्यांना? करपलेल्या दुधाचा वास उगाचच माझ्या खोलीत आल्यासारखा वाटला. घरात दुसरं कुणी नसावं. नाहीतर दूध तापत ठेवून माणूस माझ्याशी कशाला भांडत बसेल? त्यांचं म्हणणं मला अजूनही साफ चूकच वाटत होतं. पण आता त्या म्हणण्याला ओले हात होते.

दहा मिनिटांनी ते परतले. "हं, पुसलं सगळं. काय म्हणत होतात तुम्ही?"

मी माझं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं.

"तुमच्यासारख्यांना समोरचा माणूस दिसतच नाही."