तिसऱ्या हाकेचं गाव

आमच्या घरात माणूस नुसती बेल वाजवत नाही, तीन हाका मारतो. हे आईचं खूळ. तिचं माहेर कळवणच्या पलीकडे, डोंगराला लागून. तिथे दिवेलागणीला दारावर हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. बाहेर जे काही असेल त्याला दोनदाच हाक मारता येते, तिसरी हाक फक्त माणसाची, असा तिकडचा समज. लग्न होऊन आई नाशिकला आली, शहरात जन्म काढला, पण हे सुटलं नाही. मी शाळेतून आले की जिन्यात उभी राहून तीनदा "आई" म्हणून ओरडायचे आणि शेजारच्या पोरी मला चिडवायच्या. मी लाजायचे, चिडायचे, पण ओरडायचे. तिसऱ्या हाकेला दार उघडायचं म्हणजे उघडायचंच.

मोठेपणी याच हाकांवर मी पोट भरायला लागले. फोनवर ऐकायच्या भुताखेतांच्या मालिका असतात, त्या मी लिहिते. मागच्या वर्षी आमच्या ॲपने श्रोत्यांना विचारलं होतं, आपल्या मालिकांमधल्या कुठल्या गावात तुम्ही मेलात तरी राहायला जाणार नाही? एका गावात विहीर हरवलेल्या वस्तू परत द्यायची आणि बदल्यात घरातलं एक माणूस न्यायची. दुसऱ्या गावात पंगतीला दरवेळी एक पान जास्त लागायचं. तिसरं गाव माझं होतं आणि लोकांनी तेच सगळ्यांत धोकादायक ठरवलं. मी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. शेफारले होते, दुसरं काय.

माझ्या गावात तसं काहीच नव्हतं. वणीहून कळवणला जाताना एक फाटा लागतो, तिथून आत असेल असं कल्पून मी ते वसवलं. कांद्याच्या चाळी, द्राक्षाचे दोन-चार बाग, लासलगावला निघालेले ट्रॅक्टर. फक्त आईच्या नियमात मी एक भोक पाडलं. या गावात तिसरी हाकसुद्धा माणसाची असेलच असं नव्हतं. आणि ती हाक यायची आपल्याच माणसाच्या आवाजात. दार उघडलं की हाक मारणारी उघडणाऱ्याला हाताला धरून घेऊन जायची. पुण्याहून आमचा निर्माता फोनवर म्हणाला, "मॅडम, मग खरं माणूस ओळखायचं कसं? काहीतरी खूण ठेवा ना." मी म्हटलं, "खूण ठेवली तर भीती कसली?" त्या वाक्यावर मी स्वतःच खूश झाले होते. हाक मारणारीचं काम करायला वेळेवर कोणी मिळालं नाही म्हणून तेही मीच केलं. "आई, दार उघड ना गं. मी आलेय." तेरा भागांत किती वेळा म्हटलं असेन कोण जाणे.

आई सगळे भाग ऐकायची. ओट्यावर फोन ठेवून, पदर तोंडाला लावून. तिचं विसरणं तेव्हा सुरू झालं होतं. एकच गोष्ट चारदा विचारायची, कधी मला मावशीच्या नावाने हाक मारायची. डॉक्टर म्हणाले होते, हे हळूहळू वाढत जाईल. एकदा तिने विचारलं, "हे गाव कुठंशी हाय गं?" मी हसून म्हटलं, "तुझ्या माहेराच्या अलीकडेच." तिने फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "मंग तिथल्या माणसांनी करायचं काय?" मी म्हटलं, "काही नाही. दारच उघडायचं नाही." खोटं आहे, मी रचलंय, असं सांगायला किती वेळ लागला असता? पण ती घाबरली याचाच मला आनंद झाला होता. आज तो आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

जानेवारीतली गोष्ट. त्या आठवड्यात कडाक्याची थंडी होती, म्हणून घराच्या सगळ्या खिडक्या लावलेल्या. दुपारी मी एका रेकॉर्डिंगला गेले आणि साडेपाचच्या सुमाराला परत आले. लॅचची किल्ली फिरली, पण दार हललं नाही. आईने आतून वरची कडी घातली होती. ती कधी कडी घालत नाही. मी तीन हाका मारल्या. आत पावलं वाजली, दारापाशी आली आणि थांबली. दार काही उघडलं नाही.

तेवढ्यात मला गॅसचा वास आला.

दाराच्या फटीतून येत होता, चांगला उग्र. काय झालं असेल ते लगेच डोळ्यांपुढे आलं. तिने दूध तापायला ठेवलं असणार, ते उतू जाऊन ज्योत विझली असणार. करोनात तिचं नाक गेलं ते परत आलंच नाही, तिला वास येत नाही. आणि सहाच्या आसपास ती देवापुढे दिवा लावते. सगळं विसरली तरी हे विसरत नाही. मी घड्याळात पाहिलं. सहाला वीस मिनिटं उरली होती.

"आई, गॅस सुरू राहिलाय. बटण बंद कर आणि दार उघड."

मी दारावर थापा मारल्या.

"आई, मी आहे गं!"

"समजलं," आई आतून म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "समजलं कोण हाय ते. माझी पोरगी कामाला गेलीय. ती रात्री येईल."

मी लिहिलेल्या बाईसारखीच ती बोलत होती.

समोरच्या काकू आवाजाने बाहेर आल्या आणि सवयीने बेलकडे हात नेला. मी तो हात अक्षरशः ओढला. बटण दाबलं आणि आत ठिणगी पडली तर? त्यांना वास आला तशा त्या पांढऱ्या पडल्या. त्यांनी दाराला तोंड लावून सांगितलं, "अहो वहिनी, मी समोरची. तुमची मुलगीच आहे, उघडा." आई म्हणाली, "नवव्या भागात शेजारीण बी आली व्हती." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. नववा भाग त्यांनीही ऐकला होता. मी त्यांना म्हटलं, खाली जाऊन आमच्या घरची वीज मीटरपाशी बंद करा आणि अग्निशमनवाल्यांना फोन लावा. त्या गेल्या. जिन्यात मी एकटी उरले.

मी सांगायला लागले. आई, ते गाव खोटं आहे, मी लिहिलंय, टेबलावर बसून लिहिलंय, तो आवाज मीच काढला होता. ती म्हणाली, "तेच तर म्हनते मी. आवाज तोच हाय." मग मी लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, बाबांच्या सांगितल्या, घरातल्या माणसालाच ठाऊक असतील अशा. ती ऐकत होती, श्वास ऐकू येत होता. पण माझ्या गावात हाक मारणारीला घरातलं सगळं ठाऊक असायचं. तेही मीच लिहिलं होतं. जी जी वाट सुचत होती ती मीच आधी बुजवून ठेवली होती. तेरा भागांत आईला सुटायला एक फट ठेवली नव्हती मी, आणि लोकांनी त्याबद्दल शाबासकी दिली होती.

"तू जा," आई म्हणाली. "मी दिवाच लावते. दिवा लावला का तू जाशील."

"नको!" मी किंचाळले. "आई, काडी ओढू नको, तुझ्या पाया पडते!"

"दिव्याला भितेस ना?"

पावलं दारापासून लांब गेली. देवघराच्या दिशेने. मी जेवढी ओरडणार तेवढी ती घाबरणार आणि तेवढ्या लगबगीने काडी ओढणार. गप्प राहिले तर सहा वाजले म्हणून ओढणार. मी दारावर खांदा मारला, एकदा, दोनदा, कडी जुनी आणि भक्कम. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही. दुसऱ्यांना घाबरवायचा धंदा करणारी मी, मला भीती कशाशी खातात हेच ठाऊक नव्हतं. शेवटी काहीच सुचेना तेव्हा मी दाराला टेकून खाली बसले आणि रडायला लागले. काही पटवायचं म्हणून नाही. लहान पोर रडतं तसं, नाक वाहत, "आई, आई" करत. किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही.

आतली खुडबूड थांबली.

मग पावलं परत आली, सावकाश. कडी खाली पडल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं.

आई उंबऱ्यात उभी होती. डोळे घट्ट मिटलेले. अंगावर शाल, पायात बाहेर जायच्या चपला. डाव्या मुठीत काडेपेटी होती, उजवा हात तिने पुढे केला होता.

"चल," ती म्हणाली. "कुठं न्यायचं तिथं ने मला. फक्त माझ्या पोरीच्या आवाजात रडू नको. मला नाय ऐकवत."

मी काडेपेटी काढून घेतली, धावत जाऊन शेगडी आणि सिलिंडर बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या. गार वारा आत आला. परत आले तर ती तशीच उभी, हात तसाच पुढे, डोळे मिटलेले. मी तो हात धरला. गार पडला होता, पण तिने तो मागे घेतला नाही.

"लांब जायचं हाय का?" तिने विचारलं.

मला तिला सांगायचं होतं की कुठे जायचं नाही, आपण घरीच आहोत. पण सांगायला माझ्याकडे तोच आवाज होता.