शालनने गाळलेली सहा पानं

निपाणीच्या त्या वखारीत वीसेक बायका तंबाखू चाळायला बसायच्या. तोंडाला पदर, डोक्याला फडकं आणि सगळ्यांचा मिळून दिवसभर खोकला. शालन मगदूम त्यांच्यातलीच. पण दुपारी भाकरी खाऊन, हात धुऊन तिनं पिशवीतून पुस्तक काढलं, की वखार गप्प व्हायची. कुणाला खोकला आवरला नाही, तर ती बाई उठून दारात जायची आणि खोकून परत यायची.

मराठी शाळेत शालन दहावीला पहिली आली होती. पुढं लग्न, दोन मुली, नवऱ्याचं लांबलेलं आजारपण, तो गेल्यावर वखार. सत्तेचाळीस वर्षांच्या त्या आयुष्यात तिचं स्वतःचं असं एक वाचनालयाचं कार्ड तेवढं उरलं होतं.

दिवाळीनंतर तिनं एक जाड कादंबरी आणली. पोलंड नावाच्या देशातली, महायुद्धाच्या काळातली गोष्ट. घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस, त्याची बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि म्हातारी आई. माणसं ज्यू.

"ज्यू म्हंजे?" बाळाबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"त्यांचा धर्म निराळा, आक्का. जर्मनांच्या सरकारनं ठरवलं, ही माणसंच ठेवायची न्हाईत. मग घराघरातनं हुडकून न्यायला लागले."

"काय केलतं त्यांनी?"

"काय न्हाय."

बाळाबाई वखारीत सगळ्यांत थोर. अडुसष्ट वर्षांची, बोरगावहून रोज वडापच्या जीपनं येणारी. ती म्हणाली, "थोडीच माणसं असतील. आमच्या जैनांवानी."

गोष्टीतलं कुटुंब एका ओळखीच्या सुताराच्या माळ्यावर फळ्यांमागं लपलं. खाली सुताराचं दुकान, दुकानात गिऱ्हाईक, गिऱ्हाइकांत कधी शिपाईही. अशात म्हातारीला खोकला लागला. उबळ आली की सून तिच्या तोंडाशी उशी धरायची. हे वाचताना शालनचं लक्ष गेलं, तर बाळाबाईनं स्वतःचाच पदर तोंडात कोंबलेला.

"ही म्हातारी जगती न्हवं गं?" बाळाबाई रोज विचारायची. बाकी कुणाचं तिला पडलेलं नव्हतं.

शालन आदल्या संध्याकाळी पुढचं प्रकरण घरी वाचून ठेवायची. त्या दिवशी तिनं ती सहा पानं वाचली आणि पुस्तक तसंच मांडीवर राहिलं. पहाटे सगळी झोपेत असताना म्हातारी आपली शाल घडी घालून ठेवते, फळी सरकवते, जिना उतरते. सुताराचं घर ओळखू येऊ नये म्हणून बर्फातून लांबचा वळसा घेते आणि सरळ चौकात शिपायांपुढं जाऊन उभी राहते. आपण वाटेतून बाजूला झालो, की लेकरं जगतील, एवढंच तिच्या मनात असतं.

शालन अडली, ती या एका वाक्यावर. दोनच दिवसांपूर्वी घागर भरताना बाळाबाई तिला म्हणाली होती, "माझा अडसर झालाय गं घरात. मी खोकतो म्हणून सून नातवाला जवळ येऊ देत न्हाय. वाटंतनं बाजूला झालो, तर सुखानं राहतील." तेव्हा शालननं ते हसण्यावारी नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वाचताना तिनं सहा पानं एकदम उलटली आणि मनानंच सांगितलं, की सुताराच्या बायकोनं ज्येष्ठमध आणून दिला आणि म्हातारीचा खोकला बसला.

"ज्येष्ठमध? त्या बर्फाच्या मुलखात?" रचना म्हणाली. कॉलेज अर्धवट सोडून नुकतीच कामाला लागलेली पोर ती.

"तू गप गं," बाळाबाई तिच्यावर खेकसली. "वाच शालन."

आता रोज म्हातारीला सांभाळणं आलं. पुस्तकात सूप तिघांत वाटलं, की शालन चौघांत वाटायची. शिपायांनी माळ्यावर झडती घेतली, तेव्हा तिनं म्हातारीला नातीच्या मागं दडवलं. घरी पेन्सिलीनं खुणा करून ठेवायची, तरी वाचताना काखेत घाम फुटायचा. एकदा अख्ख्या प्रकरणात ती म्हातारीला विसरली.

"आणि आजी?" बाळाबाईनं विचारलंच.

"झोपलीय, आक्का."

रचना तिच्याकडं बघत राहिली.

मग एका सोमवारी धाकट्या मुलीच्या कॉलेजच्या कामाला शालनला चिकोडीला जावं लागलं. पुस्तक शनिवारीच वखारीतल्या फळीवर विसरून राहिलं होतं. बायकांनी रचनाला वाचायला बसवलं. त्या दिवसाच्या पानावर मुलगी आईला विचारत होती, "आजीला त्यांनी कुठं नेलं असेल?" बायका चक्रावल्या. रचनानं पानं मागं मागं उलटली, ती सहा पानं तिला सापडली आणि तिनं ती सगळ्यांपुढं वाचून काढली.

मंगळवारी शालन आली, तर तिच्याशी कुणी बोलेना. बाळाबाईनं चाळणी खाली ठेवली.

"मला खोटं वाचून दाखवलंस."

"आक्का, मला भ्या वाटलं. तुमी त्या दिवशी घागरीपाशी—"

"मला अक्षर येत न्हाय. म्हणून गोष्टबी कळत न्हाय व्हय?"

डबा उचलून ती दुपारच्या आधीच निघून गेली. बुधवारी आली नाही. गुरुवारीही नाही. तिच्या मुलाचा फोन वाजत राहायचा, कुणी उचलायचं नाही. गुरुवारी दुपारी शालननं दिवाणजीकडं अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली, फळीवरचं पुस्तक पिशवीत टाकलं आणि बोरगावची वाट धरली. वाटभर तिला बर्फ दिसत होता, जो तिनं जन्मात पाहिला नव्हता, आणि त्याच्या पलीकडं बोरगावची दूधगंगा नदी.

बाळाबाईची सून दारातच भेटली. "सकाळी बस्तीला जातो म्हणून गेल्यात. अजून आल्या न्हाईत. मला वाटलं, तिथनंच कामावर गेल्या."

सोप्यात बाळाबाईचं अंथरूण गुंडाळलेलं होतं. त्यावर शाल, नीट घडी घातलेली.

शालन पळतच बस्तीत, जैनांच्या देवळात गेली. पुजारी म्हणाले, आज आल्या नाहीत. ती नदीच्या रस्त्याला लागली, मध्येच थांबली, वडापच्या थांब्याकडं वळली. तिथं वडापवाला भावकू गाडी पुसत होता.

"भावकूदादा, बाळाबाई आक्कांना बघितलंसा?"

"सकाळी नेलं की निपाणीला. सरकारी दवाखान्याच्या दारात सोडलं."

"कुणी आजारी हाय?"

"तिलाच ठावं," भावकू म्हणाला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात लाकडी बाकावर बाळाबाई सकाळपासून नंबराची वाट बघत बसली होती, हातात केसपेपर. नर्स कन्नडमध्ये विचारत होती, खोकला किती दिवसांचा, आणि बाळाबाई कन्नडमध्येच बोटं मोजून महिने सांगत होती. शालन शेजारी जाऊन बसली.

नर्स गेल्यावर बाळाबाई म्हणाली, "तुला वाटलं, मी नदीला गेलो?"

शालननं मान डोलावली आणि ती रडू लागली.

"भ्या वाटण्यासारखंच बोललो हुतो मी," बाळाबाई पुढं बघत म्हणाली. "दोन दिवस तुझा राग आला. मग त्या म्हातारीचा आला. कुणाला न सांगता गेली. त्या लेकरानं आता जन्मभर इचारत बसायचं, आजी कुठं गेली म्हणून. पण तिला तरी काय, दारात बंदुका हुत्या. माझ्या दारात कोण हाय? सून हाय."

"घरी खरं सांगून यायचं न्हाई व्हय?"

"काय निघतंय ते बघून सांगणार हुतो. पुस्तक आणलंयस?"

"व्हय."

"मग वाच ती पानं. त्या पोरीनं गडबडीत वाचलं."

शालननं वाचलं. शाल, फळी, जिना, बर्फ. चौकाच्या अलीकडं बाळाबाईला मोठी उबळ आली. शालन थांबली. बाळाबाईनं खोकता खोकताच हातानं खूण केली, वाच.

तपासणीत क्षय निघाला. सहा महिन्यांचं औषध दवाखान्यातून मिळालं, घरातल्या सगळ्यांची आणि वखारीतल्या बायकांचीही तपासणी झाली. सुदैवानं बाकी कुणाला काही नव्हतं. बाळाबाई बरी झाली, अंगानं भरली, पण तंबाखूच्या धुळीत परत आली नाही. नातू आता तिच्याजवळ झोपतो.

कादंबरी संपली तेव्हा घड्याळजी गेलेला होता. मुलगी आणि तिची आई वाचल्या होत्या. सुतारालाही नेलं होतं, तो परतला का, हे पुस्तकात नव्हतं. बायका त्यावर दोन दिवस भांडत होत्या.

शालन अजून वाचते, आणि जे असेल ते वाचते. पण बोरगावचा त्या दिवशीचा तो रस्ता तिच्या मनातून जात नाही. एकदा हात धुताना तिनं रचनाला विचारलं, "ती पानं वाचताना तुला आक्कांची काळजी न्हाय वाटली?"

"वाटली की," रचना म्हणाली. "पण सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत हुत्या."