परत आलेली इस्त्री

मी बल्ब घ्यायला दुकानात उभी होते. शेजारच्या बाईंनी पिशवीतून इस्त्री काढली. "शॉक मारते हो. काल सून फेकली गेली."

"पावती?" दुकानदाराने विचारलं.

"हरवली. बदलून नका देऊ, पण ही घरात नको." इस्त्री तिथेच ठेवून त्या निघून गेल्या.

त्याने ती फडक्याने पुसली आणि कोऱ्या खोक्यात घातली. एखादी वस्तू कुणीतरी भिऊन घराबाहेर काढलेली असते, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? तेवढ्यात एक नवं जोडपं इस्त्री विचारत आलं. त्याचा हात त्याच खोक्याकडे गेला.

"ती घेऊ नका, शॉक मारते," मी म्हणाले. जोडपं निघून गेलं.

बल्ब पुढे करत दुकानदार शांतपणे म्हणाला, "ताई, तुमचा गिझर आमच्याकडचाच ना?"