आत्याची डावी बाजू

आत्या गेल्यावर पुण्यानुमोदनाला आलेला जो तो माझ्या पाठीवर हात ठेवून एकच बोलत होता, "शेवटपर्यंत तू जवळ होता बाबू. एवढं कोण करते?" मी मान डोलवत होतो. तेव्हा मलाही ते खरंच वाटत होतं. आज ते वाक्य आठवलं की स्वतःची लाज वाटते.

लीलाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा धानोऱ्याच्या घरात मला वाढवलं ते तिनंच. तिचं लग्न झालं नाही, त्याला कारण तिचे डोळे. जन्मापासून दोन्ही बुबुळं डावी-उजवीकडे हलत राहायची, तिच्या मनात असो की नसो. बघायला आलेली माणसं चहा पिऊन उठायची. शाळेत गुरुजी तिची मान हातानं सरळ करायचे, कारण ती फळ्याकडे तोंड करून बसायचीच नाही. तोंड उजवीकडे वळवून डोळ्यांच्या डाव्या कोपऱ्यातून बघायची. शेवटी शाळाच सुटली. गावातल्या बाया हसायच्या, "लीला कुठी पाहते अन् कुठी चालते." आत्याही हसायची, आणि तेंदूपत्त्याचे पुडके बांधण्यात त्यांच्या पुढे असायची. भांडायलाही पुढेच. लहानपणी मी खोटं बोललो की ती तोंड फिरवायची. मला वाटायचं, सुटलो... पण नेमकं तेव्हाच ती मला नीट बघत असायची.

डोळे तपासण्याचं शिक्षण मी घेतलं ते तिच्यामुळे. पहिल्याच सुट्टीत ज्ञान पाजळायला घरी आलो. "आत्या, याले निस्टॅग्मस म्हणतात."

"दवाई हाय का त्याले?"

"पूर्ण बरं होईल अशी नाही."

"मंग शिकून काय केलं तू?"

मी सांगितलं की एका ठरावीक बाजूला बघताना डोळ्यांचं हलणं कमी होतं, म्हणून मान आपोआप वळते. ती वाईट खोड नाही, डोळ्यांनी शोधलेली सोय आहे. आत्या म्हणाली, "म्हणजे गुरुजी मले उगाच मारे."

पुढे नोकरी लागल्यावर शिबिरांत असं मूल आलं की मी त्याच्या आईला बसवून भाषण ठोकायचो. पोराची मान सरळ करू नका. फळा त्याच्या सोयीच्या बाजूला येईल असं वर्गात बसवायला सांगा. चष्मा लागला तर वापरू द्या, उजेड भरपूर ठेवा. दमला किंवा घाबरला की डोळे जास्त हलतात, तेव्हा रागावू नका. भाषण तोंडपाठ होतं आणि मला त्याचा थोडा गर्वही होता.

या उन्हाळ्यात मोहफुलं वेचून येताना आत्या पडली. मानेचं हाड मोडलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात तिला उताणं झोपवून मानेला पट्टा बांधला. ते गरजेचंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सलाइनचा खांब तिच्या डावीकडे होता, म्हणून स्टूल उजवीकडे ठेवलेलं. मी त्यावर बसलो आणि बसूनच राहिलो.

"बाबू आला का?"

"इथीच आहो, आत्या."

"तुहा आवाज येते. तोंड नाई दिसत."

मी लाईट लावायला लावला. तिचा चष्मा पुसून दिला. मोतीबिंदू झाला असेल का, याचा विचार करत बसलो. सिस्टर सलाइन बदलायला डावीकडून आल्या, तेव्हा आत्या त्यांच्याकडे बघत म्हणाली, "बाई, तुमच्या कानातलं चांगलं हाय." मी हसलो. म्हटलं, चला, तब्येत सुधारते आहे... नंतर छातीत कफ भरला. शेवटच्या सकाळी तिनं हातानं माझं तोंड चाचपलं. "तूच हायेस नं?" मी हो म्हटलं.

परवा शिबिरात एका बाईनं भाषण मधेच थांबवून विचारलं, "सर, पोरगा आजारी पडून निजला असला, तर कोन्या बाजूनं बसू?" मी त्याचे डोळे तपासलेच होते. "डाव्या," असं सहज बोलून गेलो, आणि दवाखान्यातलं ते स्टूल आठवलं. आत्याला तिथं मान वळवता येत नव्हती. तिचे डोळे सगळ्यात जास्त हलायचे ते उजवीकडे बघताना, आणि मी नेमका तिथं बसून होतो. पलंगाला वळसा घालून पलीकडे जायचं, एवढंच करायचं होतं. तिला मला बघायचं होतं आणि मी तिला लाईट लावून देत होतो.

काल तिची खोली आवरायला धानोऱ्याला गेलो. तिची खाट उजव्या अंगानं भिंतीला टेकवलेली आहे. मी लहान असल्यापासून ती तशीच आहे. उन्हाळ्यात भिंत तापायची, मी कितीदा म्हटलं असेल खाट मधे घे म्हणून, पण तिनं कधी हलवू दिली नाही. तिच्याजवळ बसायचं तर डावीकडेच बसावं लागायचं, दुसरीकडून जायला वाटच नव्हती. त्या घरात माझ्याकडून चूक होणं शक्य नव्हतं, म्हणून बाजू लक्षात ठेवायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही.