नऊ म्हणजे नापास

शोरूममध्ये तिला सगळे 'दहावाली' म्हणत. मिस्त्री हाक मारायचे, "दहावाली, फोन घे." महिना संपला की शेठ विचारायचे, "काय दहावाली, पास ना आपण?" तिलाही ते नाव आवडायचं. पुढे त्याच नावाने तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची होती.

शोरूम एका जपानी कंपनीच्या स्वस्त गाड्यांचं होतं. तिचं काम सांगायला सोपं. गाडी सर्व्हिसिंग होऊन घरी गेली की तिसऱ्या दिवशी फोन करायचा आणि आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल, ते विचारायचं.

"आठ," एखादे काका म्हणत.

"आठच का हो काका?"

"आठ म्हणजे उत्तम की. माझ्या मुलाला जन्मात आठ पडले नाहीत."

"तसं नाही. आमच्याकडे नऊसुद्धा नापास धरतात."

"काय सांगता. कुठली म्हणायची ही शाळा?"

मग ती समजावून सांगायची. नऊ आला की कंपनीच्या यादीत लाल खूण पडते. लाल खूण पडली की शेठना फोन येतो. शेठना फोन आला की शेठ तिच्या टेबलाशी येऊन उभे राहतात, काहीही न बोलता. एवढं ऐकल्यावर माणसं विरघळायची. "घ्या बाई दहा. तुमचं तरी भलं होवो."

कॉम्प्युटरवर आकड्यासाठी एक चौकोन होता. एवढाच. बोललेलं लिहायला जागाच नव्हती. माणसं मात्र आकड्यावर कुठे थांबतात? एक म्हणायचा, "दार लावलं की डब्याचं झाकण लावल्यासारखं वाजतं." दुसरी म्हणायची, "आमच्या बोळात शिरणारी ही एकच गाडी, हिच्यावरून जीव ओवाळून टाकते मी." कुणी म्हणायचा, "बाबांना पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसवलं, ते पट्टा सोडेचनात." आणि अधूनमधून कुणीतरी म्हणायचं, "ताई, चढावर दुसरा गिअर आपोआप सुटतो."

लग्नाआधी ती एका वकिलाकडे टायपिस्ट होती. माणूस बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, ही तिथली सवय बोटांत मुरलेली. म्हणून ती हे सगळं डायरीत लिहायची. डायऱ्या कंपनीच्याच. दरवर्षी भेट म्हणून गठ्ठा यायचा आणि कुणी नेत नसे, कारण प्रत्येक पानाच्या वरच्या अर्ध्या भागात कंपनीचा इतिहास छापलेला होता. आजोबांच्या काळातली काळी, उंच टपाची पहिली गाडी. मग युद्धानंतर बोटीवर चढणाऱ्या गाड्यांची रांग. मग जगभरच्या रस्त्यांवर तीच गाडी, तीच दोन गोल दिव्यांची भाबडी नजर. मग काही पानांचा वरचा भाग कोरा, कारण मालक असलेल्या मोठ्या कंपनीने हे नावच बंद करून टाकलं होतं. आणि शेवटी, तीस वर्षांनी, नव्याने आलेली चकचकीत गाडी आणि खाली वाक्य: 'ज्यांची ही पहिलीच गाडी आहे, त्यांच्यासाठी.' वर इतिहास, खाली तिचं बारीक अक्षर. चार वर्षांच्या चार डायऱ्या अशा भरल्या.

नर्सबाईंचा फोन तिला आवर्जून आठवायचा. त्या दवाखान्यातल्या नव्हेत. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुवायच्या, इंजेक्शनं द्यायच्या. वीस वर्षं बसने हिंडल्या, खांद्याला औषधांची पिशवी. गाडीचा ताबा घेतला त्या दिवशी दहा मिनिटं नुसत्या आरसा इकडे-तिकडे करत बसल्या होत्या.

"काय बघताय?" दहावालीने विचारलं होतं.

"मागे कोण आहे ते. आजवर सगळ्यांच्या मागे मीच असायचे."

तीन महिन्यांनी त्याच बाई फोनवर म्हणाल्या, "सात."

"सात का हो?"

"गाडी गुणी आहे. पण चढावर दुसरा गिअर सुटतो. खट् वाजतं आणि गाडी मागे यायला लागते. परवा जीव गोळा झाला."

"सात टाकू?" दहावालीने विचारलं. पलीकडून आवाज आला, "तुझ्या नोकरीवर येतं का गं हे?"

"येतं."

"मग दहा घे. पण ते गिअरचं नोंदव हं."

"नोंदवते," ती म्हणाली. आणि डायरीत नोंदवलं.

ती वर्कशॉपमध्ये गेली. मिस्त्री एका गाडीखाली होते, नुसते बूट दिसत होते.

"मिस्त्री, दुसरा गिअर सुटतो म्हणतायत."

"ठाऊक आहे," बूट बोलले. "सातवी गाडी ही."

"मग कार्डावर लिहा ना."

"लिहायचं नाही असा हुकूम आहे. लिहिलं की कंपनी विचारते."

ती शेठकडे गेली. शेठ म्हणाले, "बायका क्लचवर पाय ठेवून चालवतात, त्याला मी काय करू? तू किती टाकलेस?"

"दहा."

"मग अडचण कुठे आहे?"

नर्सबाईंनी पुढे आणखी दोनदा तेच सांगितलं. पुढे पुढे तर दहावाली समजावतही नसे. पलीकडचा सहा म्हणो की पाच, चौकोनात दहा टाकून मोकळी. तोंडचं कोण ऐकतंय, असं शेठ म्हणाले होते आणि तिने ते ऐकलं होतं.

मग एका सकाळी कंपनीचं पत्र आलं. हे नाव पुन्हा बंद. दुसऱ्या आठवड्यात दोन माणसं शिडी लावून पाटी उतरवून गेली आणि शेठनी दुसऱ्याच कंपनीची पाटी चढवली. तीच काच, त्याच खुर्च्या, तीच दहावाली. जाता जाता कंपनीने गाडीवाल्यांना एक शेवटचं पत्र धाडलं. वॉरंटीच्या मुदतीत ज्यांनी गिअरची तक्रार नोंदवली आहे, त्यांना गिअरबॉक्स फुकट बदलून मिळेल. तक्रार कुणाची, ते कंपनीच्या नोंदी पाहून ठरेल. या शोरूमच्या नोंदीत अशी तक्रार एकही नव्हती.

पंधरा दिवसांनी काचेचं दार ढकलून नर्सबाई आत आल्या. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"दहावाल्या ताई कुठे आहेत?"

ती उठून उभी राहिली.

"तीनदा सांगितलं मी तुला. तू म्हणालीस, नोंदवते."

"नोंदवलं होतं बाई."

"दाखव."

तिने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. तीन ओळी. दहा, दहा, दहा.

"छान," नर्सबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "कंपनीने मला लिहिलंय, आपण आमच्या सेवेवर पूर्ण समाधानी असल्याचं दिसतं. बघ ना माझ्याकडे. दिसते का समाधानी? एका आजींच्या घरचा चढ. गिअर सुटला, गाडी मागे गेली, थेट फाटकाच्या खांबावर. नशीब, खांबच होता. शाळा सुटायची वेळ होती ती."

"बाई, मी..."

"मला तुझी दया आली म्हणून दहा दिले. माझी दया तू शेठला विकलीस. आता या हाताने मी कुणाची जखम बांधू?"

शेठ केबिनमधून बाहेर आले. "मॅडम, गुण आपणच दिलेत. आता शब्द फिरवायचा म्हणजे..."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. दहावाली शेठच्या तोंडाकडे बघत राहिली. चार वर्षांत पहिल्यांदा तिला कळलं, की हा माणूस तिच्या टेबलाशी गप्प उभा राहायचा, ते रागाने नव्हे. आपल्या तोंडून काही निघायला नको, म्हणून. बोलायचं ते तिने, टाकायचं ते तिने.

संध्याकाळी घरी सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. सुनेने पिशवी आदळली.

"पिशवीने काय घोडं मारलंय?"

तिने सगळं सांगितलं. सासूबाईंचे हात थांबले नाहीत.

"डायऱ्या आहेत ना?"

"आहेत."

"मग धाय मोकलून रडायला काय झालं?"

"डायऱ्या काढल्या तर दहा मीच टाकले हेही निघेल. नोकरी जाईल आई. आणि यांची नोकरी फिरतीची, तिचा काय भरवसा."

"जाईल तर जाईल." सासूबाईंनी एक किडकी शेंग बाजूला फेकली. "लग्न होऊन आलीस तेव्हापासून मी तुला सहा देते. दहा मागायला आलीस का कधी?"

"सहाच?"

"आज पाच. डायऱ्या घरात ठेवून पिशव्या आपटतेस म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तिने फोन लावायला घेतले. डायऱ्यांत गिअरची तक्रार सांगणारे एक्केचाळीस गाडीवाले निघाले. "गुरुवारी कंपनीचा माणूस नोंदी बंद करायला येतोय. अकरा वाजता या."

"किती देऊ या वेळी?" एका काकांनी विचारलं.

"काही देऊ नका. नुसते या."

गुरुवारी अकराला नव्या कंपनीच्या झाकलेल्या गाड्यांच्या मध्ये माणसं उभी राहिली. सगळे नाहीत, तीसेक. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून नर्सबाई सर्वांत पुढे. कंपनीचा माणूस तरुण, इस्त्रीचा सदरा, समोर लॅपटॉप. गर्दी बघून त्याने शेठकडे पाहिलं. शेठनी दहावालीकडे.

तिने चार डायऱ्या त्याच्या लॅपटॉपवरच ठेवल्या.

"हे काय?"

"तुमचा इतिहास. वरचा तुम्ही छापलाय, खालचा मी लिहिलाय."

तिने वाचायला सुरुवात केली. तारीख, गाडीचा नंबर, आणि माणूस बोलला ते शब्द. "'ताई, चढावर दुसरा सुटतो, मुलं मागे बसलेली असतात.'"

"मी बोललो होतो हे," मागून एक जण.

"'दुसरा गिअर आमच्या जावयासारखा आहे, गरजेच्या वेळी हमखास गायब.'"

"माझं," एक आजोबा म्हणाले आणि मग चाचरले. "पुढचं नका वाचू. जावई आलाय सोबत."

लोक हसले. ती हसली नाही. एकेक ओळ वाचत गेली, एकेक माणूस 'माझं', 'माझं' म्हणत गेला. नर्सबाईंची तिसरी नोंद आली तेव्हा त्यांनी प्लास्टर टेबलावर ठेवलं. ठक्क वाजलं.

कंपनीच्या माणसाने घसा साफ केला. "हे खासगी टिपण आहे. यावर कुणा ग्राहकाची सही नाही."

"दहावर होती का?"

"अं?"

"त्या दहांवर कुणाची सही होती? ते तुम्ही चार वर्षं न विचारता घेतलेत. डोळे मिटून. आता डोळे उघडले?"

शेठ मध्ये पडले. "साहेब, ही बाई खोटारडी आहे. आकडे हिनेच बदललेत."

"हो," ती म्हणाली. "धाक यांचा होता, पण बोट माझं होतं. माझं नाव लिहून घ्या. आधी माझं लिहा, मग यांचं." ती वळली. वर्कशॉपच्या दारात मिस्त्री उभे होते, हातात फडकं. "मिस्त्री, तुम्ही म्हणाला होतात ना, सातवी गाडी?"

मिस्त्री बराच वेळ बोटं पुसत राहिले. शेठ त्यांच्याकडे बघत होते.

"तेव्हा सातवी," ते म्हणाले. "मोजायचं सोडलं तेव्हा तेहेतीस झाल्या होत्या."

कंपनीच्या माणसाने डायऱ्या बॅगेत भरायला घेतल्या, तर तिने त्यांवर हात ठेवला. "इथेच फोटो काढा. आणि किती पानं काढली, ते लिहून सही करा." त्याने एकेक पान टिपलं. काळी उंच टपाची गाडी आणि खाली सुटलेला गिअर. बोटीवरची रांग आणि खाली सुटलेला गिअर. दोन तास लागले. कुणी घरी गेलं नाही.

निघताना शेठ म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"उद्या कोण येतंय," ती म्हणाली.

नर्सबाई दारापर्यंत सोबत आल्या. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. तिनेही माफी मागितली नाही. "अजून राग आहे माझा," एवढंच म्हणाल्या.

"असू दे. माझाही आहे."

दीड महिन्याने नर्सबाईंचा फोन आला. गिअरबॉक्स मंजूर झाला होता. एक्केचाळीसपैकी सव्वीस जणांचे झाले. बाकीच्यांनी गाड्या आधीच मिळेल त्या किमतीला विकल्या होत्या, त्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली. हाताचं प्लास्टर निघालं होतं. मूठ मात्र अजून नीट वळत नव्हती.

त्याच आठवड्यात आणखी एक फोन आला. दहावाली घरी वाटाणे निवडत होती. पलीकडे कोवळा, घाईचा आवाज.

"नमस्कार मॅडम, कंपनीकडून बोलतेय. आमच्या प्रतिनिधींनी आपली भेट घेतली होती. त्या भेटीला दहापैकी किती गुण द्याल?"

सासूबाईंनी मान वर केली. दहावालीच्या कपाळावरची शीर टरारली. कुणाला तरी फाडून खावं असं वाटलं, पण जिला फाडावं, ती कंपनी पलीकडे नव्हती. तिथे एक पोरगी होती आणि तिचा श्वास ऐकू येत होता.

"दोन," ती म्हणाली.

पलीकडून अगदी हळू आवाजात, "मॅडम, दहा दिलेत तर..."

"नऊ म्हणजे नापास. ठाऊक आहे मला. तुझ्याजवळ वही आहे?"

"वही? इथे फक्त आकडा टाकायला..."

"चौकोन आहे. तेही ठाऊक आहे. वही शोध, कोरा कागद चालेल. मी सांगते ते शब्दाला शब्द उतरव. आणि चौकोनात दोनच टाक. कुणी टेबलाशी येऊन उभं राहिलं तर माझा नंबर दे."

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला.

"सापडली मॅडम."

"लिही," ती म्हणाली. "तारखेपासून."